शिवलेल्या चंद्रकोरी

वेस्टर्न अ‍ॅव्हेन्यूवर वळताक्षणी वारा समोरून आला आणि मिरवणुकीतलं गेराटी घराण्याचं बॅनर शिडासारखं फुगलं. उजवीकडची काठी धरलेला फिंटन दोन पावलं मागं रेटला गेला. डावीकडची काठी त्याच्या बहिणीच्या, नूलाच्या हातात होती. ती कशीबशी टिकून राहिली.

"ताठ धरा!" त्यांचा बाप ओरडला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा एमेट गेराटी छातीवर हिरवा पट्टा लावून बॅनरच्या पुढं एकटाच चालत होता. घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाची ती जागा. "तुमची आई एका हातानं काठी धरायची आणि दुसऱ्या हातानं तुम्हाला!"

"ओढतंय बाबा. दरवर्षी असं ओढत नाही," फिंटन म्हणाला.

एमेट थांबला, मागं फिरला. हिरव्या जाड कापडावरच्या पांढऱ्या अक्षरांखाली त्यानं हात फिरवला.

"कोरी कुठं गेल्या?"

एकतीस वर्षांपूर्वी त्याच्या बायकोनं, ब्रायडीनं हे बॅनर शिवलं, तेव्हा त्यात चंद्रकोरीसारख्या अठरा चिरा कापून ठेवल्या होत्या. वारा आरपार निघून जावा म्हणून. इथल्या प्रत्येक घराच्या बॅनरला त्या असतात. आता तिथं सलग कापड होतं. टाके इतके बारीक, की फक्त बोटालाच कळावेत.

मागून अरासेली पुढं आली. फिंटनशी लग्न होऊन तिला आठ महिने झाले होते, मिरवणुकीत ती पहिल्यांदाच आली होती.

"मी शिवल्या," ती म्हणाली. "मला वाटलं, फाटलंय. कडा विस्कटल्या होत्या, दशा लोंबत होत्या..."

"अगं बाई, अठरा भोकं, सगळी एका मापाची!" नूला म्हणाली. "तुला काय वाटलं, उंदरानं पट्टी लावून कुरतडलं?"

"नूला, पुरे."

"तू गप्प बस. नवरा ना तू? तुला दिसलं नाही?"

"मी ड्यूटीवर असायचो. घरी यायचो तोवर ती घडी करून ठेवायची."

नारिंगी जाकीट घातलेला एक कार्यकर्ता धावत आला. "काका, गुंडाळा ते. मागं बँड खोळंबलाय."

"गुंडाळू?"

"नाहीतर बाजूला व्हा. कुणाच्या डोक्यात काठी बसली तर मलाच निस्तरावं लागेल."

चार चौक पुढं मंच होता. तिथला निवेदक समोरून येणाऱ्या बॅनरवरचं नाव वाचून लाउडस्पीकरवर पुकारायचा. बॅनर नाही तर नाव नाही. ब्रायडी गेल्यानंतरची ही पहिलीच मिरवणूक. यंदा नाव पुकारलं गेलंच पाहिजे, हे एमेटनं आठवडाभर सगळ्यांना रोज ऐकवलं होतं.

"दोन मिनिटं दे," तो म्हणाला.

"एक देतो."

एमेटनं खिशातून चाकू काढला. पातं उघडेना. बोटं गारठली होती. "एकतीस वर्षांचं कापड!" तो चाकूशी झटत ओरडला. "एकदा विचारायचं तरी! कुणाला तोंड नव्हतं का?"

"द्या इकडं, मिस्टर गेराटी," अरासेली म्हणाली.

तिनं चाकू घेतला, काठ्या आडव्या करायला लावल्या आणि रस्त्यावरच गुडघे टेकले. उसवत बसायला वेळ नव्हता. तिनं पातं आपल्याच टाक्यांवर ठेवलं आणि ओढलं. कापड टरटर वाजलं. मग दुसरी कोर, मग तिसरी. ती मान वर करत नव्हती.

"ओ गेराटी!" पदपथावरून कुणीतरी ओळखीचा ओरडला. "मिरवणूक काढताय की सदरा बेतताय?"

"तुझं कफन बेततोय!" एमेट म्हणाला. कुणीच हसलं नाही.

सतरा झाल्या आणि कार्यकर्त्यानं शिट्टी फुंकली. मागच्या बँडनं सूर धरला. काठ्या उभ्या राहिल्या. वारा आला, भोकांतून सूं सूं करत निघून गेला. अक्षरं जागची हलली नाहीत.

सगळे चालू लागले. अरासेली बॅनरच्या मागं, गुडघ्यांवरची धूळ तशीच. नूलाचं अजून संपलं नव्हतं.

"बाबा, ती शिवायला बसायची कुठं?"

"माझ्या स्वयंपाकघरात."

"तुमच्यासमोर?"

एमेट पुढं चालत राहिला.

"किती दिवस?"

"तीन आठवडे."

"तीन आठवडे तुमच्या डोळ्यांदेखत ती एकेक भोक बुजवत होती? आणि आत्ता तिच्यावर ओरडलात? तेव्हा बोलला का नाहीत?"

बँड जवळ आला होता. एमेट काय म्हणाला, ते ऐकायला नूलाला काठीसकट दोन पावलं पुढं यावं लागलं.

"खिडकीजवळच्या खुर्चीत बसायची," तो म्हणाला. "ब्रायडीच्या. बॅनर असं मांडीवर घेऊन."

"मग?"

"बोललो असतो तर उठली असती."

मंच आला. लाउडस्पीकर खरखरला आणि गेराटी कुटुंबाचं नाव सगळ्या रस्त्यानं ऐकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एमेटनं टोपी काढली नाही, मंचाकडं पाहिलंही नाही. तो मान वळवून बॅनरकडं पाहत होता. अठरावी कोर शिवलेलीच राहिली होती. कापडाचा तेवढा एकच कोपरा वाऱ्यानं फुगत होता.