देखभालीचा तक्ता

आमच्या खोक्यांच्या कारखान्यात दोनाची सात मशिनं झाली, तेव्हा मी भिंतीवर देखभालीचा तक्ता लावला. बाबा हसले, “मशीन काय तारीख बघून आजारी पडतं?” पण तीन महिने एकही बंद पडलं नाही. पूर्वी दिवसभर बाबांना ‘मालक, लवकर या’ अशा हाका यायच्या. आता बाबा नुसता पाना पुसत बसायचे. आज कटिंगच्या मशीनचं पातं निसटलं. मशीनवरच्या मावशींची बोटं थोडक्यात वाचली. बाबा धावले, पाच मिनिटांत नट बसवून मोकळे झाले. “मालक होते म्हणून निभावलं,” मावशी म्हणाल्या. मी मात्र पाहिलं होतं. बाबांनी नट शोधलाच नव्हता, खिशातून काढला होता. मी तक्त्यावर लिहिलं, ‘दर सोमवारी तपासणी: बाबा.’ ते वाचून बाबांनी खिशातून आणखी एक नट काढून टेबलावर ठेवला. “हा गुरुवारसाठी होता.”