आलास, आलीस

सुवार्ताने जुनी टेप लावली आणि माझ्या हातातली गिटार थबकली.

"पप्पा, सीडीवर आणि रेकॉर्डवर तुमची गाजलेली गाणी आहेतच. कॅसेटवर काहीतरी न ऐकलेलं हवं ना!" माझ्या तीस वर्षांतल्या निवडक गाण्यांचा अल्बम सीडी, रेकॉर्ड आणि कॅसेट अशा तिन्ही रूपांत ही पोरगीच काढत होती.

रॉक वाजवतो म्हणून पाळक माझ्या नावाने नाकं मुरडायचे, पण माझं एक गाणं मात्र सगळ्या चर्चमध्ये गातात. हे त्याचंच पहिलं रेकॉर्डिंग होतं, लग्नाआधीचं. मी टेप बंद करायला उठलो, पण उशीर झाला होता.

"अंधार होता, तू आलीस..."

मेथी निवडणारे माझ्या बायकोचे, रूथचे हात थांबले. "आलीस? आपण तर 'प्रभू, तू आलास' गातो."

"तेव्हा चुकून गायलं असेल."

टेपवर ती ओळ पुन्हा आली. पुन्हा 'आलीस'च.

"गायनमंडळात प्रिस्किला माझ्या शेजारी उभी असते," रूथ हळू आवाजात म्हणाली. "बरोब्बर या ओळीला गप्प होते. इतकी वर्षं मला वाटायचं, तिला दम पुरत नाही."