चाचणीचा मेसेज

रुग्णालयाचं नवं ॲप मी माझ्याच लॅपटॉपवर कंटेनरमध्ये चालवून बघत होतो. पेशंटची खोटी यादी बनवायचा कंटाळा केला आणि खऱ्या पेशंटच्या यादीला जोडणारी, चालू सर्व्हरची सेटिंग फाइल जशीच्या तशी आत टाकली. कंटेनर म्हणजे बंद डबा, बाहेर काय जाणार! "किडनी मिळाली, ताबडतोब या" हा मेसेज पाठवून पाहिला. तो खऱ्या पेशंटला गेला. तासाभरात नवरा-बायको स्वागतकक्षात हजर. डायलिसिसनं त्याच्या हाताच्या शिरा फुगलेल्या, तिच्या मांडीवर कपड्यांची बॅग. साहेबांनी मलाच पुढे ढकललं. "मशीनकडून चूक झाली," मी म्हणालो. जीभ जराही अडखळली नाही. नवरा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मशीन बिचारं काय करणार? वाईट वाटून घेऊ नका." आणि तो बायकोकडे वळला. "चल. बॅग मात्र भरलेलीच राहू दे."