दुधाचा दात

सफरचंदाचा पहिलाच घास घेतला आणि चिऊचा पुढचा दात पडला. तिने तो तळहातावर धरून कौतुकाने पाहिला. मग समोर उभी असलेली आई दिसली आणि तिचं तोंड एवढंसं झालं.

"आई, मी मुद्दाम नाही पाडला गं."

"हलत होता तर आधी सांगायला काय झालं होतं?" आई म्हणाली. "आणि हे सफरचंद कोणी दिलं तुला?"

दिग्दर्शक धावत आला. काल चिऊ झोपाळ्यावर बसून खळखळून हसली होती, उरलेलं हसणं आज चित्रित व्हायचं होतं. तिच्या तोंडात वाकून पाहत त्याने कपाळावर हात मारला. "काल दात होता, आज खिंडार! झोका एकदा मागे जाऊन येईपर्यंत दात गेला म्हणायचं का?" दिवे लावणारी पोरं हसली. चिऊ हसली नाही.

"सॉरी, काका," ती म्हणाली.

त्याने तिच्या गालावर हात फिरवला. माणूस तसा वाईट नव्हता. आईला मात्र त्याने जरा बाजूला घेतलं. "ताई, एवढं सगळं युनिट खोळंबलंय. मी समजून घेईन हो, पण निर्माते दुसरी मुलगी बघा म्हणाले, तर माझ्या हातात काही राहणार नाही."

पडलेला दात पुन्हा जागेवर चिकटवण्याची कल्पना आईचीच.

"अहो, जखम ओली आहे अजून," मेकअपवाल्या मावशी म्हणाल्या. म्हाताऱ्या नटांसाठी ठेवलेली कवळी चिकटवायची पेस्ट त्यांच्या पेटीत होती, पण हात पुढे होईना.

"थोडाच वेळ तर. सहन करेल ती. शहाणी आहे माझी चिऊ."

मावशींनी दात धुऊन, पुसून जागेवर दाबला. आईने हनुवटी घट्ट धरली होती. चिऊच्या पायांची बोटं चपलेत आक्रसली, डोळे भरले, पण तिने पाणी बाहेर येऊ दिलं नाही. रडलं की रंग ओघळतो आणि पुन्हा खुर्चीत बसावं लागतं, हे तिला कोणी वेगळं सांगायला नको होतं.

"जीभ लावायची नाही. पाणी प्यायचं नाही. बोलायचंसुद्धा नाही," आईने बजावलं.

तेवढ्यात व्यवस्थापक धापा टाकत आला. "तपासणीच्या बाई आल्यात! मुलीला आधी विश्रांतीच्या खोलीत न्या!"

त्या खोलीत चिऊ आजवर कधी गेली नव्हती. पलंगावर चादरीची घडीही मोडलेली नव्हती. कोपऱ्यातल्या कापडी अस्वलाच्या अंगावर दुकानातलं प्लास्टिक तसंच होतं. आईने ते घाईघाईने ओरबाडून काढलं, पलंगाखाली ढकललं आणि अस्वल चिऊच्या मांडीवर ठेवलं.

कामावरच्या मुलांची चौकशी करायला सरकारने पाठवलेल्या त्या बाई आत आल्या, चिऊसमोर गुडघ्यांवर बसल्या. आईला वाटलं होतं, कुणीतरी दरडावणारी येईल. ही तर शाळेतल्या बाईंसारखी होती.

"काय गं बाळा, दमलीस?"

चिऊने मान हलवली. नाही.

"झोप होते ना पुरेशी? खेळायला मिळतं?"

चिऊने ओठ मिटूनच मान डोलावली. हो.

बाईंनी पर्समधून बाटली काढली. "ओठ किती सुकलेत गं तुझे! घे, पाणी पी."

चिऊने बाटलीकडे पाहिलं, मग आईकडे. सकाळपासून त्या दिव्यांच्या उकाड्यात उभी असलेली पोर. तिच्या घशाची हालचाल आईला स्पष्ट दिसली. आईने नजर खिडकीकडे वळवली. चिऊने बाटली हळूच मागे सारली.

"बोलत का नाही ही?" बाईंनी विचारलं.

"लाजाळू आहे हो फार," आई म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला.

बाई उठल्या. आईजवळ येऊन आवाज खाली घेत म्हणाल्या, "तुम्हाला काही सांगायचं असेल तर सांगा. त्यासाठीच आलेय मी. यांच्यापैकी कुणाला काही कळणार नाही."

एक वाक्य पुरेसं होतं. ते आईच्या ओठांपर्यंत आलंही.

"छे हो, सगळं छान आहे. अगदी घरच्यासारखं जपतात तिला इथे."

बाईंनी चिऊच्या केसांवरून हात फिरवला आणि त्या गेल्या.

दृश्य पहिल्याच झटक्यात झालं. झोका वर गेला आणि चिऊ अशी हसली, की दिवे लावणाऱ्या पोरांनीही टाळ्या वाजवल्या. "वा, चिऊताई, वा!" दिग्दर्शक ओरडला. आईने टाळ्यांसाठी हात उचलले, पण ते एकमेकांना लागेचनात.

मावशी चिऊला दात काढायला आत घेऊन गेल्या. आई थंड पाण्याचा पेला भरून मागोमाग निघाली. दार अर्धवट उघडं होतं. चिऊ उंच खुर्चीत बसून पाय हलवत होती. हिरडीला रक्त आलं होतं आणि मावशी कापूस लावत होत्या.

"मावशी, एक सांगू?" चिऊ बोबडं बोलली. "शेजारचा पण हलतोय."

"हो का? बघू."

दाराकडे न बघताच चिऊने त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

"आईला नका ना सांगू."

हातात पेला धरून आई दाराबाहेरच उभी राहिली.