क्यु-हानच्या वाटचा चमचा

तांदळाची पेटी जागेवर नव्हती. चर्चच्या दारातल्या त्या कोपऱ्यात कॉफीचं यंत्र उभं होतं आणि उपासना संपवून आलेली मंडळी कागदी पेले घेऊन त्याच्याभोवती जमली होती. ओक-सिम म्हातारी हातातली पिशवी धरून तिथेच थांबली.

पिशवीत आठवड्याचे तांदूळ होते. भात लावताना घरातल्या माणसागणिक एकेक चमचा बाजूला काढायचा आणि रविवारी पेटीत आणून ठेवायचा. पाळकाच्या घरी त्याचा भात होतो, आणि ताटावर बसताना पाळक पिशवीवरच्या नावासाठी प्रार्थना करतो. एके काळी त्या पेटीचं झाकण लागत नसे. आता गावातल्या सुना दुकानातून शिजलेल्या भाताचे डबे आणतात. राहिली ओक-सिमची एकच पिशवी. तिच्यावर लाल दोऱ्याने नाव भरलं होतं, क्यु-हान. तिचा मुलगा. तो दूर सोल शहरात असतो, चर्च सोडून त्याला बरीच वर्षं झाली. गेल्या सणाला आला तेव्हा म्हणाला होता, आई, माझं नाव उसवून टाक, मला यातलं काही नको. तिने ठणकावलं होतं, तू सोडलंस तर सोड, इथे तुझं नाव रोज घेणारा माणूस बसलाय.

तो माणूस म्हणजे पाळक प्योन. पेटी कुठे गेली, असं तिने त्यालाच विचारलं.

"काढली, आजी," तो गोड आवाजात म्हणाला. "तुम्ही तरी कशाला त्रास घेता? आम्ही सकाळी पाव खातो, रात्री बाहेरून मागवतो."

मग इतके दिवस तांदूळ जात होते कुठे? त्याने लपवलं नाही. लपवण्यासारखं त्यात काही आहे, असं त्याला वाटलंच नाही. नुसते पडून त्यांत किडे होतात म्हणून चर्चमागचा गिरणीवाला ते बदकांसाठी न्यायचा. पाळक या चर्चमध्ये आल्यापासून तसंच चाललं होतं.

"बदकं तरी प्रार्थना करून खातात का रे?" शेजारची प्योल-ले म्हातारी म्हणाली. कॉफी पिणारे हसले. पाळकही हसला.

ओक-सिम हसली नाही. दर रविवारी हाच माणूस रिकामी पिशवी दोन्ही हातांनी, कमरेत वाकून तिला परत देत आला होता.

"आणि नाव?"

"देव सगळ्यांना नावानिशी ओळखतो, आजी."

"देवाचं मला ठाऊक आहे. मी तुमचं विचारतेय."

पाळकाने पेला खाली ठेवला. "घेतो की. रोज घेतो. न घेऊन कसं चालेल?"

ती चर्चच्या स्वयंपाकघरात गेली, पिशवीतले तांदूळ धुतले आणि कुकर लावला. कुकर झाला तसा वाडगाभर भात आणि आंबवलेल्या कोबीच्या किमचीची बशी घेऊन बाहेर आली. मंडळी जेवणाचे डबे उघडून लांब टेबलाशी बसली होती. तिने वाडगा पाळकापुढे ठेवला. रिकामी पिशवी त्याच्या शेजारी पालथी टाकली, नाव खालच्या बाजूला.

"रोज घेता तसं घ्या, पाळकसाहेब."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. पाळकाने डोळे मिटले. त्याची प्रार्थना नेहमीसारखीच सुरेख होती, कुठे अडखळणं नाही. पावसाचे आभार मानले, देशासाठी मागितलं, आजाऱ्यांसाठी मागितलं, विश्वासात टिकून राहिलेल्या वडीलधाऱ्यांसाठी मागितलं. मग आवाज जरा खाली आणून तो म्हणाला, "आणि हे प्रभू, आमच्या या आजीच्या मुलाला, तुझ्या लेकराला..."

तिथे तो थांबला.

प्योल-लेला वाटलं, गहिवरून आलं असेल. तिने झग्याच्या बाहीने स्वतःचेही डोळे टिपले.

ओक-सिमने डोळे मिटलेच नव्हते. पाळकाने एक डोळा किंचित उघडलेला तिने पाहिला. त्याचं बोट वाडग्याच्या कडेने सरकत पिशवीपर्यंत आलं आणि पिशवीचं टोक उलटू लागलं.

तिने पिशवीवर तळहात ठेवला.

बाकीचे सगळे माना खाली घालून आमेन म्हणायची वाट पाहत होते. भात निवत चालला होता.