आनंदीबाईची ओळ

दाजी सात माणसं घेऊन शेताच्या बांधावर, मेरेवर आला, तेव्हा निम्मं शेत लावून झालं होतं.

शिवानं त्यांच्या हातातल्या काठ्या पाहिल्या आणि तो ताडकन उठला. "बसान रव," चिखलातून बायकोचा आवाज आला. आनंदीबाईनं मान वर केली नव्हती. शिवा बसला. त्याचे हात रिकामे होते. घरातून निघतानाच तिनं त्याच्या कमरेचा कोयता काढून ठेवायला लावला होता.

"दाजी मारामारी शोधूक येतलो," ती म्हणाली होती. "ती त्येका मिळाक नको."

दाजी खोतांचा कारभारी. कुळकायदा झाला होता. जो कसेल त्याचं नाव जमिनीला लागणार होतं. म्हणूनच खोतांना कुळांना हुसकायची घाई होती. मागच्या पावसाळ्यात दाजीची माणसं अशीच गावातल्या बाबली या कुळाच्या शेतात शिरली. बाबलीनं एकाचं डोकं फोडलं आणि भावांसकट आठ दिवस कोठडीत बसला. सुटून आला तेव्हा त्याच्या शेतात खोतांच्या माणसांनी लावलेला भाताच्या रोपांचा तरवा उभा होता. आज शिवाच्या शेताची पाहणी करायला तलाठी येणार होता. मालवणच्या कचेरीत जाऊन अर्ज आनंदीबाईनंच दिला होता.

"शिवा, बायकांक उठव," दाजी म्हणाला. "शेत खोतांचा आसा."

शिवा बसूनच राहिला. मग दाजीनं बायकांकडे मोर्चा वळवला. पहिली शिवी आली, दुसरी आली. पुढची तर अशी होती की ऐकून शिवाच्या कानांतून जाळ निघाला.

चिखलात नऊ बायका होत्या. आनंदीबाई गावची सुईण. त्या नऊजणींतल्या सातजणींची बाळंतपणं तिच्याच हातून झालेली. यशोदाचं तर अजून वर्षही झालं नव्हतं. यशोदाच्या हातातून तरव्याची मूठ सुटून चिखलात पडली.

"कळ इली की काय करूक सांगलेलंय तुका?" आनंदीबाईनं हळूच विचारलं.

"श्वास सोडूक."

"मगे सोड. लांब. आणि सोडताना रोप लाव. ही पण कळच गो. येता, नि जाता."

ती स्वतः मोठ्यानं श्वास सोडू लागली. बाळंतिणीच्या पाठीवर हात ठेवून सोडायची तसाच. एकेक करून सगळ्यांचा श्वास तिच्या श्वासाला मिळाला. घ्यायचा, सोडायचा, सोडताना वाकून बोटं चिखलात. नऊ रोपं एकदम खाली जात होती. शिव्या चालूच होत्या, आणि लावणीही.

दाजीचा एक माणूस चिखलात उतरला. त्यानं नुकतीच लावलेली रोपं मूठभर उपटली आणि भिरकावली. शिवाच्या मांड्या ताठ झाल्या. आनंदीबाई दोन पावलं गेली, रोपं उचलली, पाण्यात हिसळली आणि पुन्हा होती तिथंच लावली. त्या माणसानं पुन्हा उपटली. तिनं पुन्हा लावली. तिसऱ्यांदा त्यानं हात घातला, पण उपटलं नाही. नुसता बायकांच्या मागच्या मोकळ्या चिखलात जाऊन उभा राहिला.

मेरेवर बसलेल्या शिवाला कळलं, आपणही मघापासून त्यांच्याबरोबर श्वास सोडतो आहोत.

"तुझी बायल तुझा आयकत नाय काय रे?" दाजी त्याच्यावर खेकसला.

"नाय," शिवा म्हणाला. "मी तिचा आयकतंय."

लावणी मागं सरकत करतात. बायकांची तोंडं लावलेल्या शेताकडे होती आणि पाठी काठ्यांकडे. एकेक पाऊल मागं टाकत त्या दाजीच्या माणसांच्या जवळ जवळ येत होत्या. आता काठी उगारली असती तर थेट पाठीत बसली असती. नऊजणींना ते ठाऊक होतं. एकीनंही वळून पाहिलं नाही.

आनंदीबाईची टाच चिखलात उतरलेल्या त्या माणसाच्या पायाला लागली. ती थांबली. वाकलेलीच राहून म्हणाली, "पाय उचल रे बाबा. हयसर रोप येतला."

त्या माणसानं दाजीकडे पाहिलं. मग पाय उचलला. एक मागं टाकला, दुसरा मागं टाकला आणि मेरेवर चढून गेला. जिथं त्याचा पाय होता त्या खळग्यात आनंदीबाईनं चार रोपं खोचली.

थोड्या वेळानं तलाठी आला. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, काखेत दप्तर, डोक्यावर छत्री. त्यानं शेत पाहिलं, बायका पाहिल्या, मेरेवरच्या काठ्या पाहिल्या.

"रावसाहेब, हे शेत खोत स्वतः कसतात," दाजी पुढं होऊन अदबीनं म्हणाला.

"असं?" तलाठी म्हणाला. "मग तुमच्या माणसांच्या पायांना चिखल का नाही?"

दाजीनं आपल्या माणसांच्या पायांकडे पाहिलं. एकाच्याच पायाला चिखल होता, आणि तो सगळ्यांच्या मागं जाऊन उभा होता.

तलाठ्यानं दप्तर उघडलं. "कसतंय कोण ते दिसतंच आहे. कूळ कोण? पुढे या, नाव सांगा."

शिवा उठला. सातबाऱ्यावर नाव लागायचं तर पुरुषाचंच, असं तो आजवर धरून चालला होता. त्यानं चिखलाकडे बोट केलं. "थय बगा. अर्ज तिचो आसा."

"बाई, या इकडे," तलाठ्यानं हाक मारली.

आनंदीबाईनं मान वर केली नाही. तिचा श्वास चालूच होता, आणि त्याबरोबर हात.

"वायच थांबा, भाऊ," ती म्हणाली. "ही ओळ पुरी होवंदे."

आणि सरकारचा माणूस छत्री धरून मेरेवर थांबला.