निरोगी गट

आई तपासणीच्या टेबलावर पालथी झोपली होती. मुलीने तिच्या कण्याशेजारी पेनने ठिपका काढला, दाबमापकाचं रबरी टोक त्यावर टेकवलं आणि काट्यावर नजर ठेवून दाबायला सुरुवात केली.

“दुखायला लागलं की लगेच सांग.”

आई काही बोलली नाही. काटा कमाल दाबाच्या तांबड्या खुणेपाशी आला तसं मुलीने टोक उचललं.

सुया टोचून उपचार करणारे ज्या जागा धरतात, त्यांतल्या काही आजारपणात इतक्या हळव्या का होतात, हे ती शोधत होती. पोटातल्या अवयवांच्या नसा आणि पाठीच्या कातडीच्या नसा मज्जारज्जूत एकाच ठिकाणी येऊन मिळतात. आत बिघाड झाला की बाहेरची जागा ठणकू लागते, असा तिचा कयास होता. पोटाचे रुग्ण तपासून झाले होते. आता तुलनेला धडधाकट माणसं हवी होती. त्यांत पहिलं नाव तिने आईचं घातलं होतं, तिला काहीही न विचारता.

आकडे टिपणारी सहकारीण हसून म्हणाली, की काकूंची पाठ म्हणजे दगड आहे अगदी. आमच्या आईचं कधी साधं डोकंही दुखत नाही, असं मुलीने कौतुकाने सांगितलं आणि पुढचा ठिपका काढायला घेतला.

पेन हातातून निसटलं. ते उचलायला ती वाकली, तेव्हा आईचा चेहरा एकदम समोर आला. डोळे घट्ट मिटलेले. चादरीचं टोक दातांत धरलेलं.

सहकारिणीला तिने बाहेर थांबायला सांगितलं.

“दुखत होतं?”

आईने चादर सोडली. “निरोगी माणसांत घातलंयस ना मला. मी ओरडले असते तर तुझे आकडे बिघडले असते.”

“कधीपासून आहे? जेवल्यावर वाढतं का?” रुग्णांना विचारायचे प्रश्न, त्याच क्रमाने, तिच्या तोंडून निघून गेले.

आई हळूच उठून बसली. चादरीचं ओलं टोक तिने तळव्याखाली झाकलं.

“हे कामासाठी विचारतेस,” ती म्हणाली, “की असंच?”